नमुन्यासह उपस्थित राहावे

आधी माफी मागून घेते. माझं अक्षर म्हणजे ओल्या शेणावरून कोंबडी चालून गेल्यासारखं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घाची व माझी ओळख लांबूनच. चौथी झाले तेव्हा गुरुजी वडिलांना म्हणाले, "हिला पुढे पाठवा." वडील म्हणाले, "पुढे विहीर आहे." तिथे शाळा संपली आणि कमरेवर कळशी आली.

ही वही नातीची आहे. मागची पानं कोरी राहिली होती, ती वाया जाऊ नयेत म्हणून लिहिते. कुणी वाचणार नाही हे मला माहीत आहे. तरी माफी मागितली, कारण कुठल्याही दारात आधी ओशाळायचं आणि मग आत पाऊल टाकायचं ही माझी जन्माची सवय. शिवाय जे लिहिणार आहे त्यात माझं लिहिणं हाच खरा आरोपी आहे. त्याला पहिल्या ओळीतच उभं केलेलं बरं.

परवा सून मालिका बघत होती. त्यातली बाई सकाळी झोपेतून उठली, ती नाकात नथ, ओठाला लाली, अंगावर भरजरी शालू. मी मनात म्हटलं, ही रात्रभर झोपली कुठे, लग्नाच्या हॉलमध्ये? सासूही तशीच, मोलकरीणही तशीच. सगळं घर नटून बसलंय आणि स्वयंपाक कुणीच करत नाही. तेव्हा मला आमच्या चाळीतला पहिला टीव्ही आठवला. त्यावर कुरूप माणसं दिसायची. हे मी कौतुकानं लिहिते आहे. दात पुढे आलेली, टक्कल पडलेली, शर्टाचं वरचं बटण तुटलेली, म्हणजे आमच्यासारखी.

आठवड्यातून एकदा एक कार्यक्रम लागायचा. त्याचं खरं नाव काहीतरी मोठं होतं, पण लालबागच्या आमच्या चाळीत त्याला सगळे 'नमुने' म्हणत. आमच्याकडे तऱ्हेवाईक माणसाला नमुना म्हणतात. "काय नमुना आहे!" म्हटलं की त्यात शिवी पण आली आणि माया पण. मुंबईतली असली माणसं शोधून आणायची, खुर्चीवर बसवायची आणि केसात गजरा माळलेल्या एका बाईनं त्यांना गोड पुणेरी भाषेत प्रश्न विचारायचे, एवढाच कार्यक्रम.

फणसवाडीतले एक गृहस्थ आले होते. त्यांनी तीस वर्षांची बसची तिकिटं नंबराप्रमाणे लावून पोत्यात भरून ठेवली होती. बाईंनी विचारलं, "ही आपण कशासाठी बरं जपलीत?" ते म्हणाले, "फेकू कशासाठी?" बाईंनी गजरा सारखा केला. एक कोळीण आली होती. डोळ्यांवर पट्टी बांधून बसली. फळीवर मासा आपटला की नुसत्या आवाजावरून ती मासा कुठला आणि किती शिळा ते सांगायची. चार मासे बरोबर सांगितले आणि पाचव्याला म्हणाली, "ह्यो तुमच्या साहेबानं आनलेला दिसतोय, बाजारात फसलाय." भोईवाड्याचे एक जण तर स्वतःची एकही केस नसताना बावीस वर्षं रोज डबा घेऊन कोर्टात जाऊन बसत होते. का, तर घरी आवाज फार होतो.

या माणसांना बघून मला फार धीर यायचा. मला चारचौघांत तोंड उघडता येत नाही. नळावरसुद्धा माझा नंबर कुणी घेतला तर मी मागे सरकते. पण टीव्हीवर असले लोक बसतात आणि सरकार त्यांना चहा देतं, म्हणजे जगात आपल्यालाही कोपरा असेल, असं वाटायचं.

टीव्ही आमच्या मजल्यावर एकच होता, कोपऱ्यातल्या खोलीतल्या काकूंकडे. काकूंचे यजमान बँकेत होते, त्यामुळे काकूही थोड्या बँकेसारख्याच होत्या, ठरल्या वेळी उघडायच्या आणि ठरल्या वेळी बंद व्हायच्या. पाय धुऊन यायचं. मासे खाल्ले असतील तर दाराजवळ बसायचं. कार्यक्रमात हसू आलं तर काकू हसल्यावर हसायचं. मी दाराबाहेर गॅलरीत बसायची. तिथून अर्धाच टीव्ही दिसे. त्यामुळे पुष्कळ नमुने मी डाव्या बाजूचेच बघितलेत.

मग गिरण्यांचा संप सुरू झाला. आमचे हे साचेखात्यात होते. साचे म्हणजे माग. तेव्हा वाटलं होतं महिनाभर चालेल. आमच्या वाण्यालाही तसंच वाटलं, म्हणून त्यानं उधारी दिली.

संपात पहिल्यांदा काय गेलं म्हणाल तर पगार नाही, भोंगा गेला. पगार महिन्यातून एकदा असतो. भोंगा रोजचा. आमच्या चाळीत घड्याळं होती, पण ती लग्नात मिळालेली, भिंतीवर शोभेला. वेळ कळायची ती गिरणीच्या भोंग्यानं. पहाटेचा पहिला भोंगा झाला की बाया हंडे घेऊन नळावर, कारण तेव्हाच पाणी यायचं आणि तासाभरात जायचं. भोंगे बंद झाले आणि आख्खी चाळ झोपून राहिली. तीन दिवस नळ आपला येऊन गेला, कुणाला पत्ता नाही. चौथ्या दिवशी दोन घरांत पाण्यावरून भांडण झालं आणि एका बाईनं दुसरीच्या दारात रिकामा हंडा आपटला.

पाचव्या दिवशी पहाटे हे गॅलरीत गेले, एक हात कानावर ठेवला, दुसऱ्याचा अंगठा गळ्याशी लावला आणि भोंगा काढला.

मी लग्न होऊन आले तेव्हापासून मला ठाऊक होतं की यांना भोंगे काढता येतात. पण ते घरातल्या घरात, आमच्या मुलीला हसवायला. चार गिरण्यांचे चार भोंगे त्यांना येत. पुलाकडच्या गिरणीचा घसा बसलेला. चिंचपोकळीच्या बाजूच्या गिरणीचा शेवटी दोनदा अडखळे. तिसरा म्हशीसारखा. आणि चौथा त्यांच्या स्वतःच्या गिरणीचा, लांबलचक, वर चढत जाऊन हळूच खाली येणारा. तो काढताना त्यांच्या मानेच्या शिरा फुगायच्या आणि डोळे मिटायचे.

त्या दिवशी चाळीतल्या सगळ्या बाया हंडे घेऊन खाली पळाल्या आणि पुरुष दचकून उठून बसले. चाळीच्या मंडळाचे सेक्रेटरी लेंग्याची नाडी धरून गॅलरीत आले आणि ओरडले, "कोण फुटला रे? कुठली गिरणी चालू झाली?"

"आमची खोली," हे म्हणाले. "पाणी आलंय, तुमच्या वैनीला उठवा."

तेव्हापासून यांचा भोंगा रोजचाच झाला. संपात कामगाराला काम नव्हतं, पण यांची पहाटपाळी चुकली नाही. एकही पैसा न घेता एवढ्या वेळेवर त्यांनी गिरणीतसुद्धा काम केलं नसेल.

मी एका दुपारी कुणाला न सांगता पंधरा पैशांचं पोस्टकार्ड आणलं आणि 'नमुने'वाल्यांना लिहिलं. आयुष्यात मी स्वतःहून केलेली ही पहिली गोष्ट. मजकूर मला अजून पाठ आहे. "आमचे मालक चार गिरण्यांचे भोंगे हुबेहूब काढतात. कृपा करून एकदा बघावे. मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद."

महिन्यानं उत्तर आलं, टाइप केलेलं, यांच्या नावावर. हे घाबरले. त्यांना वाटलं गिरणीची नोटीस. मग मीच केलं म्हणून कबूल करावं लागलं. रागावतील असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, "तू? पत्र?" आणि कागद घेऊन खाली सेक्रेटरींकडे गेले, कारण सरकारी कागद घरात वाचायचा नसतो, चारचौघांत वाचायचा असतो.

कागदात एकच ओळ होती. "आपण नमुन्यासह सकाळी दहा वाजता केंद्रावर उपस्थित राहावे."

आता झाली पंचाईत. नमुना म्हणजे काय हे चाळीत पोराटोरांना ठाऊक होतं. पण नमुना तर हे स्वतःच. मग नमुन्यासह म्हणजे कुणासह?

सेक्रेटरी म्हणाले, "सरकारी भाषा आहे, नीट बघा. 'सह' म्हणजे सोबत. बोलावलंय ह्याला. सोबत एक नमुना न्यायचाय."

"मग तुमीच जावा की," गॅलरीतून कुणीतरी म्हटलं.

"माझी मीटिंग आहे."

मग प्रत्येक खोलीनं शेजारच्या खोलीतलं नाव सुचवलं. कोण जावयाला न्या म्हणे, कोण सासूला. एका वहिनींनी तर स्वतःच्या नवऱ्याचं नाव दिलं आणि वर म्हणाल्या, "परत आणायची घाई करू नका." शेवटी कोपऱ्यातल्या काकू बोलल्या. त्या बोलल्या की निकाल लागे.

"अरे, सोपं आहे. लग्नाच्या पत्रिकेत काय लिहितात? सहकुटुंब. तेच सरकारी कागदात नमुन्यासह. बायकोला घेऊन जा."

सगळी चाळ हसली. पण याहून बरा अर्थ कुणालाच सुचला नाही. अशी मी गेले.

टीव्ही केंद्रावर चष्मा लावलेल्या एका साहेबांनी आम्हाला बसवलं. समोर माझं पोस्टकार्ड होतं. ते बघून मला पाय पोटात घ्यावेसे वाटले.

"हं. नमुना आणलात?"

"आणलाय," असं म्हणून यांनी माझ्याकडे बोट केलं. "हा काय."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या पिशवीकडे बघितलं. "पिशवीत आहे का?"

"पिशवीत डबा आहे. नमुना ही. आमची मंडळी."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "अहो, चित्रं कुठायत? इथे लिहिलंय, भोंगे हुबेहूब काढतात, एकदा बघावे. आम्हाला वाटलं तुम्ही चित्रकार. काढलेल्या चित्राचा एखादा नमुना आणा म्हटलं तर तुम्ही..."

तेव्हा मला उमगलं. आवाज हा एक शब्द लिहायचा राहिला होता. भोंग्याचा आवाज काढतात, ऐकावे, असं लिहायला हवं होतं. पोस्टकार्डावर जागा नव्हती असंही नाही. ती मी लहानांस आशीर्वाद देण्यात घालवली.

हे उभे राहिले, हात कानावर, अंगठा गळ्याशी, आणि तिथेच चौथा भोंगा काढला.

कचेरीत काय गंमत झाली म्हणून सांगू. एका कारकुनानं लगेच टेबल आवरायला घेतलं. दोघांनी मनगटाकडे बघितलं. कॅन्टीनमधला एक माणूस ओल्या हातांनी पळत आला आणि दारातच थांबला. तो आमच्या परळचा निघाला, त्याचे वडील गिरणीत होते. त्याचे डोळे भरले होते. साहेबांना काय करावं कळेना, त्यांनी त्यालाच तीन चहा सांगितले.

तिथल्या तिथे रेकॉर्डिंग झालं. गजरेवाल्या बाईंनी विचारलं, "हे आपण कसं बरं करता?" हे म्हणाले, "तोंडानं." मग चारही भोंगे काढले. मला बाजूच्या खुर्चीवर बसवलं होतं. बाईंनी विचारलं, "आणि वहिनी, आपल्याला नाही का हो त्रास होत?" मी पदर तोंडाला लावला तो दिवा बंद होईपर्यंत काढलाच नाही.

कार्यक्रमाची तारीख कळली आणि चाळीत गणपतीसारखी धांदल उडाली. काकूंच्या खोलीत सगळे मावणार नव्हते. टीव्ही अंगणात ठेवा म्हटलं तर काकू म्हणाल्या, "नको बाई, सेटला ऊन लागेल." कार्यक्रम संध्याकाळी सातचा. शेवटी मंडपवाल्याकडून एक टीव्ही भाड्यानं आणायचा ठरला. खोलीमागे दोन रुपये वर्गणी. संपाचे दिवस, दोन रुपयांत दोन दिवसांची भाजी निघायची. काही घरांनी रद्दी विकून दिले. आमची खोली सोडून चाळीत एकोणतीस खोल्या. काकूंनीसुद्धा दिले, घरात टीव्ही असून.

पैसे जमलेले बघून हे भारावून गेले. अंगणात सगळ्यांसमोर म्हणाले, "असा भोंगा ऐकाल की गिरणीमालक उठून बसतील. आणि ऐकू नाही आला, तर घरटी दोन रुपये मी परत करीन. शब्द आहे."

टाळ्या पडल्या. मी वरून गॅलरीतून बघत होते. यांना इतकं ताठ उभं राहिलेलं मी संप सुरू झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी सातला सगळी चाळ अंगणात. सर्वांत पुढे तळमजल्यावरचे आजोबा, स्टुलावर. आजोबांनी तीस-पस्तीस वर्षं साच्यांवर काढलेली, त्यात कान गेले. ठार बहिरे. त्यांना टीव्ही आणि खिडकी सारखीच, पण हौस दांडगी.

आधी एक मास्तर आले. त्यांचा पोपट सतराचा पाढा म्हणायचा. त्या दिवशी त्यानं तोंड उघडलं नाही. तरी त्याला चांगली चार मिनिटं दिली. मग हे दिसले. अंगणात शिट्ट्या. गजरेवाल्या बाईंचा आवाज आला, "हे आहेत एक गिरणी कामगार. आपल्या फावल्या वेळात यांनी एक आगळा छंद जोपासला आहे."

फावला वेळ! आठ महिने झाले होते पगाराला.

यांनी हात कानावर ठेवला. अंगठा गळ्याशी नेला. तोंड उघडलं. आणि टीव्हीतून बासरी वाजायला लागली.

गोड होती हो बासरी. सकाळी देवळात लावतात तशी. यांचं तोंड उघडं, मानेच्या शिरा फुगलेल्या, डोळे मिटलेले आणि वर मंद बासरी. एक भोंगा, दुसरा भोंगा, चारही भोंगे तसेच गेले. मग मी दिसले. पदर तोंडाला, नजर पायाच्या अंगठ्यावर. "आणि ह्या त्यांच्या सौभाग्यवती," असं बाई म्हणाल्या आणि मला चांगलं सावकाश दाखवलं. भोंगा काढणाऱ्या कामगाराला आवाज नाही, आणि जिला आवाजच नाही तिचा मोठा फोटो. संपलं.

मागून कुणीतरी म्हटलं, "काय रे, जांभया द्यायला गेला होतास काय?"

हसण्याचा जो फुगा फुटला तो आवरेना. सेक्रेटरी म्हणाले, "दोन रुपयांत चार जांभया, महाग नाय." कुणी ओरडलं, "पैशे परत!" तेही हसतच. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या उठता उठता म्हणाल्या, "शब्द म्हणजे शब्द असतो बाई आमच्याकडे."

टाळ्या एकट्या आजोबांनी वाजवल्या. त्यांना कुणी थांबवलं नाही.

दोन दिवसांनी तो कॅन्टीनवाला मसाला घ्यायला लालबागला आला, त्याच्याकडून कळलं. वरून कुणा साहेबाचा फोन आला होता. संप चालू असताना सरकारी टीव्हीवर भोंगा वाजला तर लोकांना वाटेल गिरण्या सुरू झाल्या. म्हणून आवाज काढून टाकला.

"वाटलं असतं तर काय बिघडलं असतं?" हे एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून यांनी भोंगा बंद केला. पहाटे जागे असत, मला कळायचं, पण उठत नसत. नळ येऊन जायचा. बाया आधी चिडल्या, मग त्यांनी आळीपाळीनं जागं राहायचं ठरवलं, मग त्यावरून भांडल्या. यांच्याकडे मात्र कुणी गेलं नाही. जिन्यावर पोरं यांना बघून मोठी जांभई द्यायची. यांना हाक मारायची सोय राहिली नव्हती, सगळे 'जांभई' म्हणत.

पोस्टकार्ड मी लिहिलं होतं. मला यांचा शब्द मोकळा करायचा होता. तो झाला तर कदाचित भोंगाही मोकळा होईल, असं माझ्या चौथी पास डोक्यानं घेतलं. घरात पैसा नव्हता. मी एका मसालेवाल्याकडून मिरच्या आणायला लागले. देठं काढून द्यायची, किलोवर पैसे. हात असे जळत की भाकरी थापताना पीठ थंड वाटायचं. मिळतील त्यातून आधी घर, मग वाणी, आणि उरलं तर एका खोलीचे दोन रुपये. एवढे सावकाश की मधल्या मधे संप कधी संपला तेच कुणाला सांगता आलं नाही. गिरणी उघडली नाहीच. यांनी एका कचेरीत वॉचमनची नोकरी धरली.

पण पैसे मिळवणं सोपं होतं. दार वाजवणं अवघड. मी भिंतीसमोर उभी राहून पाठ करायची, "हे तुमचे दोन रुपये." पहिल्या दारात गेले तर तोंडातून तेवढंही निघेना. उंबऱ्यावर पैसे ठेवले आणि पळून आले. त्यांच्या धाकट्या मुलीनं ते उचलून गोळ्या आणल्या. घरच्यांना काही पत्ताच नाही. त्या खोलीचे मला दोनदा फेडावे लागले. लाजाळूपणाची मला पडलेली किंमत दोन रुपये, बाकी हिशेब देवाला ठाऊक.

हळूहळू वाक्य जमायला लागलं. सेक्रेटरी म्हणाले, "अहो वैनी, आम्ही चेष्टेत म्हणालो!" आणि पैसे खिशात टाकले. एक वहिनी रडल्या आणि म्हणाल्या, "कशाला गो," पण रडताना मूठ उघडी होती. एक घर संपात गावी निघून गेलं होतं. त्यांना दोन रुपयांची मनीऑर्डर केली. पोस्टातला माणूस फॉर्मकडे बघत म्हणाला, "दोनच?" मी म्हटलं, "दोनच होते." परक्या माणसाला इतकं स्पष्ट उत्तर मी पहिल्यांदा दिलं.

काकूंनी तर कमाल केली. "मी काही मागितले नव्हते हं," म्हणाल्या आणि नाणी उलटीसुलटी करून बघितली, जणू मी ती गॅलरीत खोटी पाडून आणली होती. मग टीव्हीवरचा विणलेला रुमाल उचलून त्याखाली ठेवली. दारात मला म्हणाल्या, "आता बघायला येत जा. आत बसलीस तरी चालेल." मी बाहेरच बसत राहिले. तोवर 'नमुने' बंदच झाले होते.

असं करत अठ्ठावीस खोल्या झाल्या. राहिले आजोबा.

आजोबा पैसे घेईनात. मी तीनदा गेले. त्यांच्यासमोर दोन रुपये धरायचे आणि हातानं खूण करायची, वर आमच्या खोलीकडे, मग गळ्याकडे, मग नाही अशी. त्यांना सगळं कळायचं.

"कित्याक परत?" ते ओरडून म्हणायचे, बहिऱ्यांचा आवाज मोठाच. "माका ऐकाक इलो भोंगो! चारव ऐकाक इले! ऐकलेल्याचे पैशे परत घेव? मी काय चोर?"

आता याला काय करावं? सगळ्या चाळीला कान होते आणि ऐकू आलं नाही. ज्याला कान नाहीत त्याला ऐकू आलं. आणि शब्द घरटी दिलेला. एक घर राहिलं तरी शब्द अडकलेलाच.

चौथ्यांदा मी रविवारी सकाळी दहाच्या सुमारास गेले. आजोबा तसेच ओरडले. मी परत निघाले तर जिन्याच्या खाली हे उभे होते. मी घरोघर काय देते ते यांना माहीत असावं. आम्ही त्यावर कधी बोललो नव्हतो.

"किती राहिले?" यांनी विचारलं.

"हेच एक. घेत नाहीत. म्हणतात, ऐकू आला."

हे आत गेले, आजोबांच्या समोर बसले आणि त्यांचा हात उचलून स्वतःच्या छातीवर ठेवला. एक हात कानावर, अंगठा गळ्याशी.

दीड वर्षानं तो आवाज निघाला. सुरुवातीला फाटका, मग भरला. आजोबांचा हात छातीवरून गळ्याकडे सरकला. "पुलाकडची," ते म्हणाले. दुसरा भोंगा. "ही अडखळणारी." तिसऱ्याला ते हसले. चौथा सुरू झाला तसा बाहेर गलका झाला. हंडे घेऊन बाया जिन्यावरून धडधड खाली येत होत्या. सकाळचे दहा वाजलेत हे कुणाच्या लक्षात नाही. काकू रिकामी बादली घेऊन कोरड्या नळापाशी उभ्या राहून विचारत होत्या, "पाणी कुठाय? पाणी कुठाय गं?"

भोंगा वर चढला आणि हळूच खाली आला. आजोबांनी हात काढला. मग आपल्या तळहाताकडे बघितलं.

"ह्यो खरो," ते म्हणाले. पहिल्यांदाच हळू बोलले. "म्हणजे त्या दिवशी माका इलो तो माझ्याच डोक्यातलो." आणि माझ्याकडे हात पसरला. "दी हकडे ते दोन रुपये."

मी दोन नाणी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती बंडीच्या खिशात टाकली आणि खिसा वरून थोपटला.